पाण्याला विक्रम कसा कळला?

सरांना स्वस्थ बसता येत नसे. ही गोष्ट त्यांच्या आईने पाळण्यात ओळखली, शाळेतल्या मास्तरांनी पहिल्या बाकावर ओळखली आणि बायकोने लग्नानंतरच्या पहिल्याच चहाला ओळखली, कारण अर्धा कप बशीत आला होता. सरांना स्वतःला मात्र याची खबर नव्हती. कुणी सांगायला गेलंच, तर वाक्य पुरं होईपर्यंत सर दुसऱ्या खोलीत असत. आणि असा हा माणूस यंत्र अभियांत्रिकीचा प्राध्यापक झाला आणि त्याने उभा जन्म कशात घालवला, तर पाण्याला स्वस्थ ठेवण्यात! आता याला काय म्हणावं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

कॉलेजच्या तळमजल्यावर सरांची प्रयोगशाळा होती. लांबलचक खोली. एका टोकाला छताला भिडलेली लोखंडी टाकी, टाकीच्या पोटातून निघालेली काचेची सरळ नळी आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, नळीच्या शेवटी, पितळी व्हॉल्व्ह. टाकी संध्याकाळी भरायची, पाणी रात्रभर स्थिर होऊ द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी व्हॉल्व्ह हळूच उघडायचा. नळीच्या तोंडाशी एक बारीक सुई असे, तिच्यातून जांभळा रंग सोडायचा. पाणी शहाण्यासारखं वाहत असलं की रंगाचा दोरा होतो आणि तो इकडून तिकडे, नळीच्या बरोब्बर मधून, ताणून धरल्यासारखा सरळ जातो. व्हॉल्व्ह आणखी उघडला, वेग वाढला, की दोरा कुठेतरी थरथरतो, वळवळतो आणि फुटतो. मग नळीभर जांभळा गोंधळ.

प्रश्न एवढाच की दोरा कुठवर टिकतो. पुस्तकं म्हणत, लवकर तुटतो. सर म्हणत, पुस्तकं घाई करतात. पाण्याला कुणी डिवचलं नाही तर पाणी आपणहून कधीच बिघडत नाही, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, दोरा हलायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि तो पूर्ण उघड्या व्हॉल्व्हवरचा सरळ दोरा एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचा, एवढीच त्यांची आयुष्याकडे मागणी होती. सगळं कॉलेज त्यांना दोरासर म्हणे, आणि त्यांना ते आवडे.

मग डिवचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. पहिला संशय लिफ्टवर. प्रयोगाच्या दिवशी लिफ्ट बंद, मग वर हातात पुस्तकांचे गठ्ठे घेऊन कुणी जिने चढो की रडो. नंतर सुतारशाळेतली करवत बंद झाली. नंतर बसथांब्याचा नंबर लागला. सरांनी इतक्या चिठ्ठ्या पाठवल्या, की वाहतूक खात्याने वैतागून थांबाच पुढच्या चौकात नेला. सरांची बायको दातांची डॉक्टर, तिचा दवाखाना रस्त्यापलीकडे. तिथल्या मशीनची मोटर पाण्याला त्रास देते असं सरांना एका दुपारी वाटलं, आणि तेव्हापासून प्रयोगाच्या वेळी पेशंट आ वासून छताकडे बघत पडून राहू लागले. प्रयोगशाळेत बूट बंद, बोलणं बंद, शिंक आली तर नाक दाबून बाहेर पळायचं. एका पाहुण्या शास्त्रज्ञाला उचकी लागली तर सरांनी त्याला हाताला धरून अंगणात नेऊन बसवलं आणि त्याच्या व्याख्यानाची वेळ होईपर्यंत आत घेतलं नाही.

या सगळ्याला यश येत नव्हतं असंही नाही. विक्रम वाढत होता! थोडा थोडा, पण दर वर्षी वाढत होता. पाण्याचा वेग, नळीची रुंदी, पाण्याचा पातळपणा यांचा मिळून एक आकडा होतो, तो व्हॉल्व्हजवळच्या मीटरवर दिसे. दोरा मागच्या आकड्याच्या किंचित पुढे जाई आणि तुटे. सर 'गेला!' म्हणून उडी मारत, 'बंद करा, पाणी वाचवा!' म्हणून ओरडत, पेढे वाटल्यासारखा चेहरा करून घरी जात आणि शोधनिबंध लिहीत. विक्रम असा हळूहळू का वाढतो यावर त्यांनी एक सिद्धान्तही मांडला होता. वाहत्या पाण्याने काच आतून गुळगुळीत होत जाते, दर वर्षी जरा जास्त. 'काच शहाणी होते,' असं ते व्याख्यानात सांगत, आणि टाळ्या पडत. या शहाण्या काचेने त्यांना पदकं दिली, विमानप्रवास दिले आणि टक्कल पडेपर्यंत कौतुक दिलं. पूर्ण उघडा व्हॉल्व्ह तेवढा दिला नाही.

आणि आता निवृत्ती आली. विभागप्रमुख एकेकाळचे त्यांचेच विद्यार्थी. ते बिचारे पाच वेळा घसा साफ करून म्हणाले, "सर, खोली कॉम्प्युटरसाठी दिलीय. सोमवारी टाकी कापायला माणसं येतील. सुट्ट्या लागल्याच आहेत, तोपर्यंत इमारत तुमचीच." सरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि जिन्यावरून दोन दोन पायऱ्या गाळत खाली गेले. त्या जिन्यावरून ते पडले कसे नाहीत हे कुणालाच कळलं नाही.

सरांच्या हाताखाली शेवटची पीएच.डी. करणारी जी मुलगी होती, तिला सगळे वकील म्हणत. कारण ती कुठलीही गोष्ट पुराव्याशिवाय मानत नसे, चहात साखर आहे हेसुद्धा नाही. सरांच्या साऱ्या जुन्या प्रयोगांची रीडिंगं एकत्र करून काच शहाणी होते हे पक्कं सिद्ध करायचं, असा तिचा विषय. शेवटच्या आठवड्यात गुरुवारी ती सरांच्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"सर, रागावणार नाही ना?"

"मी कधी रागावतो गं?" सर टेबलाभोवती फेऱ्या घालत होते. "बोल. ग्राफ आला ना सुंदर?"

"सुंदरच आलाय. फारच सुंदर. तोच तर घोळ आहे." तिने कागद पसरला. "हे बघा. बूट, उचकी, लिफ्ट, असली कारणं सापडली ते प्रयोग काढून टाकले. उरलेल्यांत दोरा विक्रमाच्या आधी कधीच तुटत नाही. आणि विक्रमाच्या पुढे फारसा जात नाही. विक्रम ओलांडला रे ओलांडला की तुटला. दर वेळी."

"म्हणजेच काच शहाणी होतेय!"

"सर, मधे एकदा नळी फुटली होती. नवी बसवली. कोरी करकरीत काच. तिने पहिल्याच दिवशी जुन्या काचेचा विक्रम गाठला आणि किंचित पुढे जाऊन दोरा तोडला. नव्या काचेला जुन्या काचेचा विक्रम कुणी सांगितला?"

सर फेऱ्या घालायचे थांबले. ही घटना इतकी दुर्मीळ होती की वकील क्षणभर घाबरली.

"पाण्याला विक्रम माहीत नसतो, सर," ती हळू आवाजात म्हणाली. "काचेलाही नसतो. पितळेलाही नसतो. मग त्या खोलीत विक्रम माहीत असतो कुणाला? व्हॉल्व्ह फिरवणारे बदलत गेले, रंग सोडणारे बदलत गेले. पहिल्या प्रयोगापासून आजपर्यंत प्रत्येक वेळी हजर असलेलं माणूस एकच आहे."

"मी?" सरांचा आवाज चिरकला. "अगं, मी तर तेव्हा श्वाससुद्धा घेत नाही! पुतळ्यासारखा उभा असतो!"

"आपण काकूंना विचारू या का?"

काकू म्हणजे सरांची बायको. दोघं रस्ता ओलांडून दवाखान्यात गेले तेव्हा खुर्चीत कॉलेजचे ग्रंथपाल पडले होते आणि काकू त्यांच्या दाढेत खोलवर गेल्या होत्या.

"काकू, एकच प्रश्न. सर खूप उत्सुक झाले की काय करतात?"

"टाच," काकू मागे न बघता म्हणाल्या.

"काय, टाच?" सर म्हणाले.

"उजवी. आपटता. टकटकटकटक. अहो, सिनेमात शेवट जवळ आला की पुढच्या रांगेतले लोक मागे वळून बघतात ते काय तुमचं सौंदर्य बघायला? लेकीच्या जन्माच्या वेळी इस्पितळाच्या बाकावर बसून इतकी आपटलीत, की शेजारच्या बाईंच्या मांडीवरचं रडकं पोर झोपी गेलं."

खुर्चीतल्या ग्रंथपालांनी आ वासलेल्या तोंडानेच मान जोरजोरात हलवली. ते वर्षानुवर्षं सभांमध्ये सरांच्या शेजारी बसत आले होते.

"अगं पण तू मला सांगितलं नाहीस कधी?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे! स्वतःचा पाय स्वतःला माहीत नसतो का कुणाचा?" एवढं बोलून काकूंचा हात थांबला. त्यांनी आधी वकिलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग खिडकीतून रस्त्यापलीकडच्या तळमजल्याकडे. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "तो ओटा."

हो, ओटा. नळी नीट डोळ्यांच्या रेषेत यावी म्हणून सरांनी पहिल्याच वर्षी स्वतःच्या हातांनी फळ्यांचा एक ओटा ठोकला होता आणि तो डगमगू नये म्हणून टाकीच्या लोखंडी पायांनाच बोल्टने आवळून टाकला होता. बाकीचे सगळे मोजे घालून खाली जमिनीवर, कोपऱ्यात, देवळात उभे राहावेत तसे उभे. ओट्यावर सर एकटे. डोळे दोऱ्यावर, कान पाण्याकडे, श्वास रोखलेला. आणि खाली, जिथे त्यांचं कधी लक्ष गेलं नाही तिथे, त्यांची उजवी टाच. मीटरवर आकडा विक्रमापाशी आला, की टकटकटकटक. फळीतून टाकीत, टाकीतून पाण्यात. त्यांनी लिफ्ट बंद पाडली होती, बसथांबा हलवला होता, आणि ढोल मात्र आपल्याच पायाला बांधून फिरत होते.

सरांनी डॉक्टरांच्या स्टुलावर बसकण मारली. तोंड उतरलं. पदकं, विमानं, शहाणी काच, सगळं डोळ्यांपुढून गेलं असणार. काकूंनी हातातली सळई बाजूला ठेवली. आणि मग सरांच्या पोटातून कुठून तरी हसू निघालं. आधी खांदे हलले, मग स्टूल हललं, मग काकू हसायला लागल्या, मग वकील. ग्रंथपालांना हसायची मनाई होती तरी ते हसले. बाहेर वाट बघणाऱ्या पेशंटना वाटलं, आज दात काढायचे पैसे पडणार नसावेत.

"म्हणजे दोरा तुटायला पाण्याचं कारणच नाही!" सर ताडकन उठले. "म्हणजे तो पूर्ण उघड्या व्हॉल्व्हवर टिकू शकतो! चला, उठा! टाकी भरा!"

ओटा सोडवायचा तर टाकीचे बोल्ट ढिले करावे लागले असते, टाकी हलली असती आणि नळी पुन्हा सरळ करायला महिने गेले असते. तेव्हा ओट्याला हात लावायचा नाही आणि सरांनी खाली बसायचं, असं ठरलं. शुक्रवारी दुपारी खोलीच्या मधोमध जाड गादी टाकली, गादीवर खुर्ची, खुर्चीत सर. काकूंनी दवाखाना बंद करून येऊन सरांचे दोन्ही पाय खुर्चीच्या पायांना क्रेप बँडेजने बांधले. दोरा निघाला, सरळ गेला. वकील व्हॉल्व्ह अगदी हळू फिरवत होती. आकडा चढत चढत विक्रमाशी आला. टाच जागची हलली नाही, हलणार कशी! आकडा विक्रमाच्या पुढे गेला आणि सरांच्या तोंडून खोली दणाणेल अशी आरोळी निघाली, "गेला!" दोरा फुटला.

"अहो!" काकू म्हणाल्या.

"चुकून झालं गं," सर म्हणाले. "मी नव्हतो बोललो. ते आपोआप झालं."

शनिवारी काकू तयारीनिशी आल्या. सरांच्या गालांत दोन्हीकडे कापसाचे बोळे, हात खुर्चीच्या हातांना बांधलेले आणि आकडा दिसू नये म्हणून मीटरवर टॉवेल. सरांच्या डोळ्यांत मात्र लबाड हसू होतं, कारण त्यांना ठाऊक होतं की टॉवेल टाकून काही होणार नाही. खालच्या हौदात पडणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून ते आकडा ओळखू शकत. किती वर्षं ऐकलं होतं त्यांनी ते पाणी! आवाज जाड होत गेला तसतसे सर फुगत गेले. विक्रमाचा आवाज आला आणि सर खुर्चीसकट थरथरू लागले, आधी बारीक, मग जोरात. खुर्ची गादीवरून कलली आणि सर, बँडेज, कापूस सगळं मिळून जमिनीवर आलं. दोरा फुटला हे सांगायची गरजच नव्हती. तिघंही जमिनीवर बसून पोट धरून हसले. सरांना कापूस काढल्यावर हसता आलं.

हसू ओसरल्यावर मात्र सर उठले नाहीत. त्या रिकाम्या होत चाललेल्या टाकीकडे बघत बसले. उद्याचा दिवस आणि उद्याची एक टाकी, मग संपलं.

"मी नसलो तर टिकेल ना तो?" त्यांनी विचारलं.

वकील मीटरवरच्या टॉवेलाची घडी घालू लागली. पुराव्याशिवाय हो म्हणणं तिला जमत नसे.

"टिकेल," काकू म्हणाल्या.

"मग मी बघणार कसा?"

"सर, कॅमेरा आहे," वकील म्हणाली. "प्रत्येक क्षण येईल."

"कॅमेऱ्यात दोरा मी कितीदा तरी बघितलाय गं. जेवणाचा फोटो बघून ढेकर येत नाही." सर बँडेजची सुरळी करत होते, पुन्हा उलगडत होते, पुन्हा करत होते. त्यांना रडू येत होतं आणि ते लपवायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते सरळ रडले. काकूंनी त्यांचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं. थोड्या वेळाने त्या खांद्यावरूनच आवाज आला, "उद्या मी येत नाही. मला तो बघायचाय हे खरं. पण बघायला आधी तो व्हायला तर पाहिजे."

रविवारी दुपारी काकू सरांना घेऊन लांब, पार बागेपलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या. मध्ये रस्ता, बाग, तळं. टाचेचा आवाज जाऊन जाऊन बदकांपर्यंत.

"आपटा आता मनसोक्त," काकू म्हणाल्या.

सरांनी आपटली. उजवी आपटली, डावी आपटली, दोन्ही आपटल्या. मग उठून बाकाभोवती फिरले. मग बसले. "आता रंग सोडला असेल," म्हणाले. "आता पाव व्हॉल्व्ह." "आता विक्रम." त्या विक्रमाला त्यांनी बाकावर असा ठेका धरला की काकूंची पर्स खाली पडली. काकूंनी ती उचलली नाही, कारण त्यांची स्वतःची टाचही केव्हापासून चालू होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. सर ते बघून इतके हसले की त्यांना ठसका लागला. तेवढ्यात फोन वाजला.

"सर." वकील कुजबुजत होती. "पूर्ण उघडाय."

"व्हॉल्व्ह?"

"पूर्ण. फिरतच नाही पुढे. विक्रमाच्या दुपटीच्याही पुढे."

"आणि?"

"सर, दोरा."

"अगं, दोरा काय?"

"सर, दोरा," ती पुन्हा म्हणाली. पुराव्याशिवाय न बोलणाऱ्या त्या मुलीला पुढचा शब्दच सापडत नव्हता. "अजून अर्धी टाकी आहे. या ना."

सर पळाले. तळ्याला वळसा घालून, बाग ओलांडून, रस्ता न बघता. मागे पर्स छातीशी धरून काकू. कॉलेजच्या दारात काकूंनी त्यांची कॉलर पकडली, बूट काढायला लावले, एक मिनिट भिंतीला टेकवून उभं केलं. "श्वास घ्या. अजून एक. आता चला, आणि आत जाऊन काही उद्योग केलात तर माझ्याशी गाठ आहे."

दार आवाज न करता उघडलं.

नळी खोलीभर होती आणि तिच्यातून जांभळा दोरा खोलीभर होता. टाकीपासून व्हॉल्व्हपर्यंत. हौदात पाण्याचा असा धबाबा आवाज चालला होता की तो सरांनी या जन्मात कधी ऐकला नव्हता, आणि वर नळीत काहीच घडत नव्हतं. इतकं पाणी इतक्या वेगाने जात होतं आणि दोरा जणू काचेत ओतून ठेवला होता. वकील व्हॉल्व्हला धरून उभी होती, गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला ती हात उचलत नव्हती.

काकूंनी आधी दोऱ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी सरांच्या पायाकडे पाहिलं. टाच जमिनीवर होती. गप्प.

त्यात नवल काही नाही. टाच चाले ती विक्रम येऊ घातला की. आज विक्रम केव्हाच मागे पडला होता, यायचं काही उरलंच नव्हतं. सर मोज्यांनी चालत, एकेक पाऊल ठेवत, ओट्यावर चढले. वकिलाने डोळे मिटून घेतले, मग उघडले. दोरा तसाच. सर दोऱ्याच्या रेषेत डोळे आणून उभे राहिले. खरोखर पुतळ्यासारखे, जसे आपण नेहमी उभे राहतो असं त्यांना वाटत आलं होतं तसे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. त्यांना जे हवं होतं ते समोर होतं आणि ते त्यांच्या समोर टिकून होतं. सर इतके सुखात होते की त्यांना काय करावं ते कळेना.

मग त्यांनी मान वळवली. "कॅमेरा चालू आहे?" कुजबुजले.

वकिलाने मान डोलावली.

"मी नव्हतो तेव्हा टिकला. मी आहे, तरी टिकलाय. मग टाचेने तुटतो याला पुरावा काय?"

वकिलाच्या लक्षात यायला क्षण लागला. "सर, नको."

"थीसिसला एक्झामिनर पहिला प्रश्न हाच विचारणार. टाच हलली नाही आणि दोरा टिकला, यातून काय सिद्ध झालं? कदाचित काच आजच पुरती शहाणी झाली असेल."

"विचारू दे! मी बघेन त्याचं. तुम्ही टाकी संपेपर्यंत बघा ना, सर. थोडंच पाणी उरलंय. आयुष्यभर हेच तर बघायचं होतं तुम्हाला."

"बघितलं की," सर म्हणाले. त्यांनी आणखी एकदा टाकीपासून व्हॉल्व्हपर्यंत नजर नेली, सावकाश, कुठेही घाई न करता. मग उजवी टाच उचलली आणि फळीवर आपटली.

दोरा नळीच्या तोंडाशी शहारला आणि फुटला. जांभळा लोट नळीतून पुढे धावत सुटला. वकिलाच्या तोंडून हुंदका आला. तिचा हात सवयीने व्हॉल्व्ह बंद करायला गेला, कारण दोरा तुटला की ओरडून पाणी बंद करायचं, हीच तिथली रीत होती.

"थांब!" सर म्हणाले. "हात नको लावूस. मागे बघ."

लोट पुढे गेला होता. त्याच्या पाठोपाठ, सुईपासून, नवा दोरा निघाला होता. सरळ. लोट व्हॉल्व्हमधून बाहेर पडला आणि नळी पुन्हा इकडून तिकडे दोऱ्याने भरली, जसं काही झालंच नव्हतं. त्या खोलीत आजवर हे कुणी पाहिलंच नव्हतं. आधी कधी टाच थांबली नव्हती आणि दोरा तुटल्यावर पाणी तसंच वाहू द्यायला कुणी थांबलं नव्हतं.

सरांनी पुन्हा आपटली. फुटला. थांबले. जुळला. दोनदा आपटली, दोन लोट पुढेमागे पळाले आणि त्यांच्या मध्ये हातभर सरळ दोरा राहिला. "अगं, बघितलंस? अगं, ऐकतंय ते!" सर ओरडले, आणि त्या ओरडण्यानेही एक बारीक लोट गेला. मग काही विचारूच नका. टक, टकटक, टक. सर ओट्यावर नाचत होते आणि नळीभर जांभळे लोट त्याच ठेक्यात पळत होते. वकील रडता रडता हसत होती आणि हसता हसता मोठ्याने नोंद सांगत होती, "एक टाच, एक लोट! दोन टाचा, दोन लोट!" तिचा सारा पुरावा तिच्या डोळ्यांसमोर नाचत होता.

"म्हणजे आमची शहाणी काच?" सरांनी धापा टाकत विचारलं.

"गेली, सर!"

"गेला!" सर आनंदाने किंचाळले आणि दोन्ही टाचा मिळून आपटल्या. पदकांचं, टाळ्यांचं, विमानांचं काय व्हायचं ते होवो, त्यांना त्या क्षणी कशाचंच काही वाटत नव्हतं. आपण उभा जन्म पाण्याशी भांडतोय असं त्यांना वाटत आलं होतं. पाणी एका शब्दाने भांडलं नव्हतं.

"तुम्ही खूश झालात की ते पण नाचायचं बिचारं," काकू खालून म्हणाल्या. "आणि तुम्ही त्याला बंद करायचात."

सर नाचता नाचता थांबले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग पाण्याकडे. टाकीत आता वीतभरच पाणी उरलं होतं. त्यांनी वाकून हात पुढे केला.

"ये वर. लवकर ये. तू पण आपट."

काकूंनी मोजे सावरले आणि ओट्यावर चढल्या.